चाकांवर चिकटलेली ब्रेकची भुकटी सुरक्षितपणे कशी काढावी

अमेरिकेच्या ईशान्य आणि मध्य-पश्चिम भागांत एप्रिल उजाडला की मोटारी धुण्याचा हंगाम सुरू होतो. चार महिने रस्त्यावरचे मीठ, चिखल आणि वितळलेले बर्फ सोसलेली गाडी पाण्याच्या पहिल्या झोतातच पुष्कळशी स्वच्छ होते. चाके मात्र होत नाहीत. त्यांच्यावरचा तपकिरी-काळा थर साबणाने निघत नाही, घासल्यावर थोडा फिका होतो आणि वाळल्यावर पुन्हा तसाच दिसतो. हिवाळ्यात दोन महिने भारतात जाऊन आलेल्यांची अंगणात उभी राहिलेली गाडी, मुलासाठी घेतलेली जुनी गाडी किंवा मुदत संपत आल्याने परत करायची असलेली लीजची गाडी, या सर्वांच्या बाबतीत हा प्रश्न हमखास उद्भवतो.

अशा वेळी दोन प्रकारचे उतावीळपण दिसून येते. कोणी तारेचा ब्रश घेऊन चाक खरवडतो, तर कोणी दुकानातील सर्वांत जहाल रसायन उचलून आणतो. पहिल्याने चाकाचा पृष्ठभाग कायमचा खराब होतो. दुसऱ्याने चाकाबरोबर हाताला आणि डोळ्यांनाही इजा होऊ शकते. हट्टी भुकटी काढण्यासाठी ताकद किंवा जहालपणा लागत नाही. ती कशाची बनली आहे हे समजून घेऊन तेवढ्याच पदार्थावर काम करणारे रसायन वापरावे लागते आणि त्याला पुरेसा वेळ द्यावा लागतो.

ही भुकटी कशाची असते?

बहुतेक मोटारींच्या ब्रेकमध्ये बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, गोल तबकडी चाकाबरोबर फिरत असते. तिला डिस्क किंवा रोटर म्हणतात. ब्रेक दाबला की कॅलिपर दोन्ही बाजूंनी पॅड आणून या तबकडीवर दाबतो. घर्षणाने गाडीचा वेग उष्णतेत बदलतो आणि त्या क्रियेत पॅड व तबकडी दोन्ही किंचित झिजतात. ती झीज म्हणजेच ब्रेकची भुकटी.

पॅडमध्ये फेनॉलिक राळ, ग्रॅफाइट, पोलादाचे तंतू, खनिज तंतू, बेरियम सल्फेटसारखे भरणद्रव्य आणि ॲल्युमिनासारखे घर्षक पदार्थ असतात. तबकडीतून जवळजवळ निव्वळ लोखंड येते. म्हणून भुकटीत लोखंडाचे प्रमाण मोठे असते. पॅडच्या प्रकारानुसार भुकटीही बदलते. युरोपीय बनावटीच्या अनेक गाड्यांत वापरले जाणारे, धातूचे तंतू असलेले पॅड ब्रेक चांगला लावतात, परंतु गडद आणि भरपूर भुकटी सोडतात. सिरॅमिक म्हणून विकल्या जाणाऱ्या पॅडची भुकटी कमी आणि फिकट रंगाची असते.

घर्षणस्थळी तापमान शेकडो अंश सेल्सियसपर्यंत जाऊ शकते. तेथून उडालेले तप्त, टोकदार कण चाकाच्या पारदर्शक लॅकरवर आदळतात आणि त्यात रुततात. मग पाऊस आणि मीठ आपले काम करतात. लोखंडाचा कण गंजतो, गंजताना फुगतो आणि लॅकरला आतून रेटू लागतो. त्यावर राळेचा आणि रस्त्यावरील डांबराचा चिकट लेप बसतो. साबण तेलकट मळ उचलतो. रुतून गंजलेल्या लोखंडापुढे त्याचा इलाज चालत नाही. आठवडाभराची भुकटी पाण्याने निघते आणि वर्षभराची निघत नाही, याचे कारण हे आहे.

धुण्यापूर्वी चाके नीट पाहा

भुकटी ही ब्रेकच्या प्रकृतीची नोंद असते. ती पुसण्यापूर्वी वाचावी.

बहुतेक गाड्यांत पुढच्या चाकांवर मागच्यांपेक्षा अधिक भुकटी असते, कारण ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे येतो आणि पुढचे ब्रेक अधिक काम करतात. काही नव्या गाड्यांत मागची चाकेही बरीच काळी होतात. हा फरक चिंतेचा नाही. डाव्या आणि उजव्या चाकांत मोठा फरक असेल तर मात्र लक्ष द्यावे. एकाच चाकावर भुकटीचा जाड थर असेल, प्रवासानंतर ते चाक इतरांपेक्षा फार तापत असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल, तर त्या चाकाचा कॅलिपर अडकलेला असण्याची शक्यता असते. अशी गाडी धुऊन चकचकीत करणे हे आजाऱ्याला पावडर लावण्यासारखे आहे. तिला आधी मेकॅनिककडे न्यावे.

चाकाच्या आतल्या अंगाला ओलसर, तेलकट डाग दिसला तर ब्रेकचे तेल किंवा आसाचे ग्रीस गळत असू शकते. तबकडीवर खोल चरे असतील, ब्रेक दाबताना धातू घासल्याचा आवाज येत असेल, तर पॅड संपले असे समजावे. यांपैकी काहीही आढळल्यास सफाई पुढे ढकलावी.

आधी श्वास, मग चकाकी

वाळलेली भुकटी झटकणे, कोरड्या ब्रशने घासणे किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणे, या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. तिच्यातील सर्वांत बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण फुप्फुसांत खोलवर पोहोचतात. जुन्या गाडीच्या बाबतीत ॲस्बेस्टॉसचाही प्रश्न असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८९ साली ॲस्बेस्टॉसवर व्यापक बंदी घातली होती. १९९१ मध्ये न्यायालयाने तिचा बहुतांश भाग रद्द केला. त्यानंतरही सुटे भाग म्हणून विकल्या जाणाऱ्या काही ब्रेक अस्तरांत क्रायसोटाइल ॲस्बेस्टॉस येत राहिले. मार्च २०२४ मध्ये त्या संस्थेने क्रायसोटाइलवर बंदीचा अंतिम नियम काढला आणि त्यात मोटारींचे ब्रेकही समाविष्ट केले. नियम नवा असला तरी आधी बसवलेले पॅड गाडीतच असतात आणि पॅड पाहून त्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक भुकटीला संशयित मानणे हेच शहाणपणाचे.

उपाय सोपा आहे : भुकटी आधी भिजवावी, मगच हात लावावा. बागेच्या नळीने, हलक्या धारेने चाक आणि त्याच्या आतील भाग पूर्ण ओला करावा. हाय-प्रेशरच्या यंत्राने कोरड्या भुकटीवर पहिला झोत मारू नये. त्याने ती ओली होण्यापूर्वीच उडते. वापरलेली फडकी घरच्या कपड्यांबरोबर धुवू नयेत. लहान मुले आणि पाळीव प्राणी काम संपून अंगण धुतले जाईपर्यंत दूर ठेवावेत.

चाकाचा पृष्ठभाग ओळखा

सर्व चाके चांदीसारखी दिसली तरी त्यांचे पृष्ठभाग वेगळे असतात आणि एकाला मानवणारे रसायन दुसऱ्याला मारक ठरते.

*रंग व लॅकर असलेले अलॉय चाक :* आजच्या बहुसंख्य गाड्यांत हेच असते. खाली ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, त्यावर रंग आणि वर पारदर्शक लॅकर. हे सर्वांत सोशीक. फक्त लॅकर शाबूत हवा.

*यंत्रावर कातलेले, दुरंगी चाक :* याच्या दर्शनी भागावर धातूचे बारीक वर्तुळाकार चरे चमकतात. धातूवर केवळ लॅकरचा थर असतो. दगडाने किंवा फुटपाथच्या कडेने तो फुटला की मिठाचे पाणी आत शिरते आणि लॅकरखाली पांढऱ्या कोळ्याच्या जाळ्यासारखी गंज पसरते.

*उघडे, पॉलिश केलेले ॲल्युमिनियम :* यावर लॅकर नसतो. मऊ पांढऱ्या फडक्यावर धातूचे थोडे पॉलिश घेऊन आडबाजूला चोळल्यास फडके काळे पडते, हीच ओळख.

*ॲनोडाइज्ड आणि क्रोमचे चाक :* ॲनोडाइज्ड थर आम्ल व अल्कली दोन्हींना भितो. क्रोम आरशासारखे चमकते. त्यावर खड्डे पडले असतील तर रसायन आत शिरून क्रोमचे पापुद्रे सुटतात.

*मॅट रंगाचे चाक :* यावर पॉलिश किंवा घर्षक पदार्थ कधीही वापरू नयेत. चमकदार चट्टे उठतात आणि ते जात नाहीत.

ॲल्युमिनियमचे रसायनशास्त्र येथे उपयोगी पडते. या धातूवर ऑक्साइडचा पातळ संरक्षक थर आपोआप बनतो. साधारण ४ ते ९ या पीएच मर्यादेत तो टिकून राहतो. त्याखालच्या तीव्र आम्लात किंवा वरच्या तीव्र अल्कलीत विरघळतो. लॅकर फुटलेल्या किंवा उघड्या चाकासाठी उदासीन पीएचचे रसायन निवडावे, या नियमाचा आधार हाच आहे.

बाटलीत काय आहे?

चाके धुण्याची रसायने ढोबळमानाने तीन प्रकारची असतात.

पहिला प्रकार लोह विरघळवणाऱ्या उदासीन द्रवांचा. यांत अमोनियम किंवा सोडियम थायोग्लायकोलेट असते. केस कुरळे करण्याच्या लोशनमध्येही हाच रसायनवर्ग वापरतात; नाकाला झोंबणारा, सडक्या अंड्याची आठवण करून देणारा वास त्याचाच. हे रसायन गंजलेल्या लोखंडाशी संयोग पावून विद्राव्य संयुग बनवते आणि द्रव जांभळा-लालसर होतो. लॅकरशी त्याचे फारसे वैर नसते. हट्टी भुकटीसाठी पहिली निवड हीच असावी. वास सौम्य नसल्याने काम उघड्यावर करावे, आणि काहींच्या त्वचेला याची ॲलर्जी होत असल्याने हातमोजे घालावेत.

दुसरा प्रकार अल्कलीयुक्त द्रवांचा. यांत सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड असू शकते. तेलकट थरावर ते झपाट्याने काम करतात. शाबूत लॅकरवर, लेबलवर दिलेल्या वेळेपुरते चालतात. उघड्या ॲल्युमिनियमवर मात्र ते डाग पाडतात. ओव्हन साफ करण्याचा फवारा याच कुळातला असून चाकांवर तो वापरू नये.

तिसरा प्रकार आम्लांचा. फॉस्फोरिक किंवा ऑक्झॅलिक आम्ल असलेले द्रव गंज काढतात, पण लॅकर पांढुरका करू शकतात. याच कुळातील सर्वांत धोकादायक सदस्य म्हणजे हायड्रोफ्लुओरिक आम्ल आणि त्याचे सौम्य भासणारे भावंड अमोनियम बायफ्लुओराइड. व्यावसायिक धुलाई केंद्रांसाठी बनवलेल्या काही द्रवांत ही असतात. विरल हायड्रोफ्लुओरिक आम्ल त्वचेवर पडल्यावर लगेच भाजत नाही; वेदना काही तासांनी, कधी चोवीस तासांपर्यंतही उशिरा सुरू होते. तोवर फ्लुओराइड त्वचेतून आत शिरून ऊतींमधील आणि रक्तातील कॅल्शियम बांधून टाकत असते. मोठ्या संपर्कात हृदयाचे ठोके बिघडून जीवही जाऊ शकतो. घरच्या अंगणात, केवळ चाके उजळण्यासाठी हे आम्ल वापरण्याचे कोणतेही समर्थन नाही.

बाटलीच्या दर्शनी भागावर आम्लाचे नाव मोठ्या अक्षरांत नसते. त्यासाठी उत्पादकाच्या संकेतस्थळावरील सुरक्षा माहितीपत्रक उघडावे. त्याचे १६ विभाग ठरलेले असतात. दुसऱ्यात धोके, तिसऱ्यात घटक आणि चौथ्यात प्रथमोपचार दिलेले असतात. दोन मिनिटांच्या या वाचनात ‘हायड्रोफ्लुओरिक’, ‘बायफ्लुओराइड’ किंवा ‘हायड्रोजन फ्लुओराइड’ यांपैकी एक शब्द जरी दिसला तरी ती बाटली विकत घेऊ नये. दुर्दैवाने अशा द्रवाचा स्पर्श झालाच तर कपडे उतरवून भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे, वेदना होण्याची वाट न पाहता ९११ वर कळवावे आणि रसायनाचे नाव स्पष्ट सांगावे, कारण त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचा विशिष्ट उपचार असतो. इतर रसायनांविषयी शंका असल्यास अमेरिकेत विषबाधा मार्गदर्शन केंद्राचा १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे.

नावांतील साम्यानेही घोटाळा होतो. ‘ब्रेक क्लीनर’ म्हणून मिळणारा फवारा ब्रेकचे सुटे धातूचे भाग तेलमुक्त करण्यासाठी असतो. त्यातील तीव्र द्रावके चाकाचा रंग आणि लॅकर मऊ करतात. चाकांसाठी ‘व्हील क्लीनर’ किंवा ‘आयर्न रिमूव्हर’ असे स्पष्ट लिहिलेलेच उत्पादन घ्यावे.

घरगुती उपायांविषयीही थोडे. व्हिनेगर काही मिनिटांत रुतलेले लोखंड विरघळवू शकत नाही, पण उघड्या ॲल्युमिनियमवर डाग पाडू शकते. ब्लीच ॲल्युमिनियम खातो आणि आम्लात मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू सोडतो. पांढरा मेलॅमाइनचा स्पंज मऊ भासला तरी बारीक पॉलिशपेपरसारखा घासतो. स्टीलची घासणी तर नवे लोखंडच चाकात रुतवते. कोणतीही दोन रसायने एकमेकांत मिसळू नयेत आणि एकानंतर दुसरे वापरताना मध्ये चाक भरपूर पाण्याने धुवावे.

साहित्य

नायट्राइलचे हातमोजे, बाजूंनी बंद असलेला संरक्षक चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट. बागेची नळी, दोन बादल्या, मोटारीचा शाम्पू, उदासीन पीएचचा लोहविरघळवणारा द्रव, दर्शनी भागासाठी मऊ केसांचा ब्रश, आतल्या गोलाईसाठी लांब दांड्याचा मऊ ब्रश, नटांच्या खोबणीसाठी छोटा ब्रश, टायरसाठी वेगळा राठ ब्रश आणि मायक्रोफायबरची जुनी फडकी. चाकांचे ब्रश व फडकी गाडीच्या अंगाला पुन्हा कधीही लावू नयेत; त्यांत अडकलेले लोखंडाचे कण रंगावर ओरखडे पाडतात.

क्रमवार कृती

१. गाडी सपाट, सावलीच्या जागी उभी करावी. चाके आणि तबकड्या हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. गरम चाकावर रसायन क्षणात वाळते आणि वाळलेले रसायनच डाग पाडते. तापमान गोठणबिंदूजवळ असेल तर काम पुढे ढकलावे.

२. एका वेळी एकच चाक घ्यावे. चारही चाकांवर एकदम फवारा मारल्यास चौथ्यापर्यंत पोहोचेतो पहिले वाळते.

३. चाक, त्याचा आतील भाग आणि टायर हलक्या धारेने पूर्ण भिजवावेत, मग शाम्पूच्या पाण्याने धुवावेत. सुटा मळ निघून गेल्यावरच रसायन लोखंडापर्यंत पोहोचते.

४. रसायन प्रथम आडबाजूच्या लहानशा जागेवर लावून पाहावे. धुतल्यावर रंग फिका, पांढुरका किंवा चिकट झाला नाही, तरच पुढे जावे.

५. जादा पाणी निथळू द्यावे आणि द्रव सर्वत्र फवारावा. फवारताना वाऱ्याकडे पाठ असावी. लेबलवर सांगितलेला वेळ, बहुधा २ ते ५ मिनिटे, थांबावे. द्रव वाळू लागल्यास थोडे अधिक फवारावे किंवा लगेच धुवावे.

६. जांभळे ओघळ दिसू लागले की मऊ ब्रशने हलकेच फिरवावे. येथे ब्रशचे काम रसायन पसरवण्याचे आहे, खरवडण्याचे नव्हे. आतल्या बाजूस चिकटवलेल्या छोट्या धातूच्या पट्ट्या समतोलाची वजने असतात. त्या उखडल्यास वेगात स्टीअरिंग थरथरू लागते.

७. वरून खाली, आतून बाहेर भरपूर पाण्याने धुवावे. हाय-प्रेशरचे यंत्र वापरायचे असल्यास तोटी टायरपासून किमान ३० सेंटिमीटर दूर ठेवावी आणि हवेच्या वाल्ववर किंवा मधल्या बेअरिंगवर झोत रोखू नये.

८. थर उरला असेल तर हीच कृती दुसऱ्यांदा, फार तर तिसऱ्यांदा करावी. अनेक वर्षांचा थर एका फेरीत जात नाही. जांभळा रंग पूर्ण थांबण्याची मात्र वाट पाहू नये. द्रव बिडाच्या तबकडीवर पडला की तेथेही तो रंग येतो, आणि तबकडी तर लोखंडाचीच आहे. कसोटी चाकाच्या पृष्ठभागावर बोट फिरवून घ्यावी.

९. काळे, टणक ठिपके राहिले तर ते बहुधा डांबराचे असतात. डांबर काढणारे द्रावक फडक्यावर घेऊन टिपावे; ते ज्वालाग्राही असल्याने जवळ ठिणगी किंवा सिगारेट नसावी. नंतर शाम्पूने धुवावे. तरीही बोटाला खरखर लागत असेल तर लॅकर असलेल्या, चमकदार चाकावर भरपूर शाम्पूच्या पाण्यात मोटारींसाठीची क्ले हलक्या हाताने फिरवावी. मॅट चाकावर ती वापरू नये.

१०. शेवटी चाक फडक्याने कोरडे करून पुढच्या चाकाकडे वळावे. गाडीचे अंग धुवायचे असल्यास चाके आधी आणि अंग नंतर, हा क्रम ठेवावा.

चाक काढावे का?

आतली गोलाई पूर्ण स्वच्छ करायची असल्यास चाक काढणे सोयीचे ठरते. आवश्यक मात्र नसते. काढायचे ठरवल्यास गाडी सपाट, टणक जमिनीवर असावी, हँडब्रेक ओढलेला असावा आणि विरुद्ध टोकाच्या चाकांना अडसर लावलेले असावेत. नट गाडी उचलण्यापूर्वीच थोडे सैल करावेत. जॅक केवळ उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी जॅक स्टँड लागतात. त्यांच्या जागा गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या असतात. विजेवरील गाड्यांत या जागा चुकल्यास खालच्या बॅटरीला धोका पोहोचतो. चाक परत बसवताना तबकडीवर टेकणारा भाग स्वच्छ व कोरडा असावा, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि शेवटी पुस्तिकेतील मापानुसार टॉर्क रेंचने घट्ट करावेत. ५० ते १०० मैलांनंतर तो ताण पुन्हा तपासावा. ही साधने किंवा सराव नसल्यास, टायरच्या दुकानात चाकांची अदलाबदल करून घेताना आतून धुण्याची विनंती करणे अधिक सुरक्षित.

धुतल्यावर ब्रेकची परीक्षा

काही तासांतच तबकडीवर नारिंगी गंजाचा पातळ थर दिसतो. तो स्वाभाविक आहे आणि पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो. तरीही धुतलेली गाडी तशीच महिनाभर उभी करू नये. रिकाम्या रस्त्यावर संथ वेगाने नेऊन चार-पाच वेळा हलका ब्रेक लावावा, म्हणजे पॅड आणि तबकडी सुकतात. ओला ब्रेक पहिल्या दाबाला कमी धरतो, हे लक्षात ठेवून समोरच्या गाडीपासून अंतर राखावे. टायर चमकवणारे द्रव किंवा मेण तबकडीवर आणि टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर कधीही लागू देऊ नये.

ते पाणी कुठे जाते?

अमेरिकेतील बहुतेक उपनगरांत रस्त्याच्या कडेची गटारे पावसाच्या पाण्यासाठी असतात आणि ती प्रक्रिया न करता थेट ओढ्यात, नदीत किंवा समुद्रात उघडतात. चाकांवरून ओघळलेल्या पाण्यात लोखंडाबरोबर जस्त, तांबे आणि रसायनही असते. पाण्यातील तांब्याची अल्प मात्राही सॅमन माशांची गंध घेण्याची शक्ती बिघडवते. याच कारणाने कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१० साली ब्रेक पॅडमधील तांब्यावर मर्यादा घालणारे कायदे केले. कॅलिफोर्नियात ती मर्यादा २०२१ पासून वजनाच्या ५ टक्के आणि २०२५ पासून ०.५ टक्के अशी ठरली. जानेवारी २०१५ मध्ये संघीय पर्यावरण संस्था, राज्ये आणि उद्योग यांच्यात देशभरासाठी स्वेच्छा करार झाला. पॅडच्या खोक्यावर पानांचे चिन्ह असते. तीन पाने आणि ‘एन’ हे अक्षर असल्यास तांबे ०.५ टक्क्यापेक्षा कमी असते. नवे पॅड घेताना हे चिन्ह पाहावे. युरोपीय संघाने २०२४ साली स्वीकारलेल्या युरो ७ नियमांत तर ब्रेकमधून निघणाऱ्या कणांवरच प्रथम मर्यादा आली आहे.

म्हणून हट्टी भुकटीची मोठी सफाई शक्यतो स्वतः धुण्याची सोय असलेल्या धुलाई केंद्रात करावी, कारण तेथील सांडपाणी साधारणपणे शुद्धीकरणाकडे जाते. स्वतःचे रसायन वापरण्यास तेथे परवानगी आहे का, हे आधी विचारावे. घरीच करायचे असल्यास रसायन मोजके वापरावे, पाणी गटाराकडे वाहू देऊ नये आणि भाजीच्या वाफ्यात सोडू नये. वसाहतीचे आणि नगरपालिकेचे नियम वेगवेगळे असतात. तेही पाहून घ्यावेत.

कुठे थांबावे?

तीन फेऱ्यांनंतरही जे उरते ते बहुधा भुकटी नसते, ती झालेली हानी असते. लोखंडाच्या कणाने लॅकर भेदला असेल तर कण निघाल्यावर बारीक तपकिरी खड्डा राहतो. लॅकरखाली पसरलेली पांढरी जाळी म्हणजे ॲल्युमिनियमची गंज. वरून कोणतेही रसायन तेथे पोहोचत नाही. अशा वेळी अधिक जहाल आम्ल आणल्यास उरलेला लॅकरही जातो. चाक पुन्हा रंगवून देणाऱ्या व्यावसायिकाकडे न्यावे, किंवा डाग स्वीकारून लॅकर शाबूत असलेला भाग जपावा. चाकाला तडा किंवा वाक असेल तर प्रश्न सौंदर्याचा राहत नाही. ते चाक तज्ज्ञाच्या तपासणीशिवाय वापरू नये. लीजची गाडी परत करण्यापूर्वी कंपनीच्या झीज-नुकसानीच्या निकषांत कोणत्या डागाला सूट आहे हे वाचावे. अनेकदा नुसती स्वच्छता पुरेशी ठरते.

पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून

स्वच्छ, कोरड्या चाकावर चाकांसाठीचे सीलंट किंवा सिरॅमिक लेप लावल्यास नवी भुकटी रुतणे कमी होते. दर दोन आठवड्यांनी, हिवाळ्यात मिठाच्या रस्त्यांवरून आल्यावर तर अधिक वेळा, साध्या शाम्पूने चाके धुवावीत. विजेवरील आणि हायब्रिड गाड्यांत मोटरच वेग कमी करते, त्यामुळे भुकटी कमी पडते. मात्र न वापरल्याने तबकड्या गंजतात. त्यांना अधूनमधून सुरक्षित जागी ठाम ब्रेक लावून साफ ठेवावे लागते. लांबच्या प्रवासाला जाण्यापूर्वी चाके धुऊन, गाडी चालवून ब्रेक कोरडे करूनच ती उभी करावी.

हाच विचार भारतातल्या घरच्या गाडीलाही लागू पडतो. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत आईवडिलांची गाडी महिनोन्महिने उभी असते आणि आपण सुटीत गेल्यावर ती धुण्याचा घाट घातला जातो. भारतात क्रायसोटाइल ॲस्बेस्टॉसच्या वापरावर अद्याप संपूर्ण बंदी नाही, त्यामुळे भुकटी भिजवल्याशिवाय न घासण्याचा नियम तेथे अधिकच काटेकोरपणे पाळावा. चाके उजळण्यासाठी बाथरूमच्या फरशीचे ॲसिड वापरू देऊ नये. त्यातील हायड्रोक्लोरिक आम्ल अलॉय चाक खाते आणि ते हाताळणाऱ्याच्या हाताला हातमोजेही नसतात. गाडी धुणाऱ्या माणसासाठी हातमोज्यांची एक जोडी, चष्मा आणि योग्य द्रवाची बाटली ठेवून येणे फारसे खर्चाचे नाही. चाकांची चमक त्याच्या त्वचेच्या किंवा श्वासाच्या मोलाने येऊ नये.